नाताळ सरला, डबे भरले: गोव्यात नवीन असाल तर उरलेल्या गोडाचं काय करायचं

गोव्यात तुमचा पहिलाच डिसेंबर असेल तर आधीच सांगून ठेवते, २४ तारखेच्या संध्याकाळपासून दाराची बेल वाजायला लागते आणि दर वेळी रुमालाने झाकलेलं एक ताट आत येतं. त्यात नेवऱ्या (म्हणजे करंज्या), दोदोल, बेबिंकेचा तुकडा, कलकल (शंकरपाळ्यासारखी तळलेली गोड वळकटी), दोस, पेराद, बोलिन्या (रवा-खोबऱ्याची बिस्किटं), केक, आणि मधल्या फटी भरायला चॉकलेटं नि टॉफ्या. याला इथे कुस्वार म्हणतात, काही घरांत कोन्सुआद. चवथीला (गणेश चतुर्थीला) आपल्याकडच्या नेवऱ्या-लाडू तिकडे जातात, नाताळाला तिकडून इकडे येतं, हे इथे पिढ्यानपिढ्या चाललंय, त्यामुळे "अहो कशाला एवढं" वगैरे म्हणत बसू नका, ताट घ्या. पर्वरी-मडगावच्या बिल्डिंगमध्ये तीन-चार ख्रिश्चन शेजारी धरा, त्यात ऑफिसचा बॉक्स, मुलांना शाळेतल्या सांताने दिलेली पिशवी, कॅरल गाणाऱ्या ग्रुपने वाटलेल्या टॉफ्या, आणि २७ तारखेला घरात गोडाशिवाय काही दिसत नाही. पुण्या-कोल्हापूरहून आलेले लोक या टप्प्यावर जे करतात ते म्हणजे सगळं एका मोठ्या डब्यात कोंबून फ्रिजमध्ये, आणि तिथेच सगळं बिघडतं. कुस्वारातला प्रत्येक पदार्थ वेगळ्या स्वभावाचा आहे, कोण किती ओला आहे त्यावर त्याचं आयुष्य ठरतं, हे एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

१. आल्या दिवशीच वाटणी

ताट आलं की रात्री झोपायच्या आधी ते मोकळं करायचं. आधी कुठल्या घरून आलंय ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, याचं कारण शेवटी येईल. मग तीन ढीग करायचे.

पहिला ढीग ओल्याचा. ओलं खोबरं घातलेल्या नेवऱ्या, क्रीमचा केक, साधा स्पंज केक, बाथ (म्हणजे रवा-खोबऱ्याचा केक). हे सगळं तीन-चार दिवसांत संपवायचं. गोव्यात डिसेंबरात रात्री थोडी थंडी असते पण दुपारी पारा ३२-३३ पर्यंत जातो आणि समुद्राची दमट हवा काही सुट्टी घेत नाही, त्यामुळे ओलं खोबरं इथे पुण्यापेक्षा लवकर जातं. सारणात सुकं खोबरं किंवा तीळ-खसखस असेल तर नेवरी जास्त टिकते, ते एक फोडून बघितल्यावर कळतं, किंवा सरळ शेजारच्या आंटीला विचारायचं, ती रेसिपीसकट सांगते आणि वर अर्धा तास गप्पा होतात तो भाग वेगळा.

दुसरा ढीग मधल्यांचा. दोदोल, बेबिंका, दोस, कोकाद (खोबऱ्याच्या वड्या), मार्झिपान (इथे काजू-साखरेचं). दोदोलात तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास आटवलेला असतो, बेबिंकेत अंड्याचे बलक, नारळाचा रस, साखर, तूप आणि एकेक थर भाजून काढलेला, त्यामुळे साखर आणि तूप दोन्ही भरपूर आणि पाणी कमी. बाहेर चार-पाच दिवस ठीक राहतात, फ्रिजमध्ये बंद डब्यात दोन आठवडे सहज. दोदोल फ्रिजमध्ये घट्ट होतो, खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा म्हणजे परत मऊ. बेबिंका जास्त असेल तर एकेक स्लाइस बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, छान राहते, लागेल तेवढीच काढता येते. बेबिंकेला २०२३ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि थर सात ते सोळा म्हणतात, पण घरी केलेली सात थरांची बेबिंका आली असेल तर ती करणाऱ्या बाईने अख्खी दुपार ओव्हनसमोर काढलेली असते, तेव्हा ती शेवटी संपवायची म्हणून मागे सारू नका.

तिसरा ढीग सुक्याचा. कलकल (वाड्यावर याला किडयो पण म्हणतात), बोलिन्या, पेराद, टॉफ्या. पेराद म्हणजे पेरूचा गर आणि साखर आटवून केलेल्या वड्या, फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकते, तिची काळजीच करू नका. कलकल आणि बोलिन्यांचा शत्रू बुरशीपेक्षा आधी दमट हवा. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला टिश्यू पेपर, आणि डब्यात दोघांना एकत्र ठेवायचं नाही, केकच्या शेजारी तर अजिबात नाही कारण केकमधला ओलावा कलकल ओढून घेतात आणि दोन दिवसांत वातड होतात. वातड झालेच तर ओव्हनमध्ये १५० डिग्रीला आठ-दहा मिनिटं ठेवा आणि गार झाल्यावर खा, गरम असताना मऊच लागतात म्हणून लोक उगाच अजून भाजत बसतात.

आणि मुंग्या. जुन्या घरात भाड्याने राहत असाल, जमिनीलगतचा फ्लॅट असेल, तर डबा बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, डब्याच्या बाहेरच्या अंगाला लागलेला गुळाचा एक थेंब पुरतो. परातीत दोन बोटं पाणी घालून त्यात वाटी उपडी ठेवायची आणि त्यावर डबा, आपल्या आज्या लोणी-तूप असंच ठेवायच्या.

२. अंडं, दारू आणि गुरुवार

हे कोणी मोकळेपणाने विचारत नाही पण प्रत्येक नवीन मराठी घरात प्रश्न येतोच, त्यातून ज्या वर्षी मार्गशीर्ष डिसेंबरअखेरपर्यंत लांबतो त्या वर्षी तर येतोच येतो. तर साधारण असं: बेबिंका, बोलिन्या, बाथ आणि केक यांत अंडं असतं, बेबिंकेत तर भरपूर. काजूच्या मार्झिपानमध्ये बहुतेक वेळा अंड्याचा पांढरा भाग. कलकलांत घराघरावर आहे, काही घालतात काही नाही. दोदोल, दोस, पेराद, पिनाग (तांदूळ-गूळ-खोबऱ्याचा पदार्थ) हे एरवी बिनअंड्याचे. प्लम केकमधला सुकामेवा बऱ्याच घरांत रममध्ये किंवा वाइनमध्ये भिजवलेला असतो, लहान मुलांना द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण माहीत असलेलं बरं. सासूबाई अंडं खात नसतील तर त्यांचा डबा पहिल्या दिवशीच वेगळा काढा, नंतर एका डब्यातला चुरा दुसऱ्यात गेला की तुम्ही काहीही सांगितलं तरी त्या हात लावणार नाहीत.

३. चॉकलेटं: पांढरं दिसलं म्हणून फेकू नका

इथे सगळ्यात जास्त चांगला माल कचऱ्यात जातो. ओट्यावर ठेवलेलं चॉकलेट गोव्याच्या दुपारी मऊ होतं, कारण कोको बटर साधारण ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि किचनमध्ये गॅस चालू असला की तेवढं तापमान सहज होतं. मग आपण ते उचलून फ्रिजमध्ये टाकतो, आणि चार दिवसांनी बघतो तर वर पांढरट थर. ती बुरशी नसते. चॉकलेट वितळून परत घट्ट होताना आतलं फॅट वर येतं, किंवा फ्रिजमधल्या ओलाव्याने वरची साखर विरघळून परत सुकते, दोन्हीत पांढरं दिसतं, दोन्हीत खायला काही धोका नाही, फक्त चव-टेक्स्चर थोडं पडतं. कापसासारखं लव असलेलं किंवा हिरवट काही दिसलं, विशेषतः आत क्रीम किंवा फळाचं फिलिंग असलेल्या चॉकलेटवर, तर मात्र टाका.

ठेवायची पद्धत अशी की आधी झिपवाली पिशवी, हवा काढून बंद, मग ती पिशवी डब्यात, मग डबा फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात किंवा भाजीच्या ड्रॉवरमध्ये जिथे थंडी थोडी कमी असते. खायला काढताना डबा बंदच बाहेर ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं, मग उघडायचा. थंड चॉकलेट लगेच उघडलं की आपल्या दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं, कोल्ड्रिंकच्या बाटलीवर जमतं तसं, आणि तिथून सगळा पांढरा प्रकार सुरू होतो. लाइट गेली आणि बराच वेळ आली नाही, जे इथे होतंच, तरी चॉकलेटाला फार काही होत नाही, क्रीम केकची काळजी आधी करा.

टॉफ्यांचं वेगळं. कडक टॉफी हवेतला ओलावा ओढते, मग कागद चिकटतो, मग कोणी खात नाही, मग डब्याच्या तळाशी एक गोळा तयार होतो जो पुढच्या चवथीला सापडतो. काचेची बरणी, आत फडक्यात बांधलेले चमचाभर कच्चे तांदूळ, झाकण घट्ट. संत्र्याच्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या बाजूला काढून पर्समध्ये टाका, चोर्ला घाटातून बेळगावला जाताना किंवा आंबोलीतून सावंतवाडीच्या बाजूला उतरताना ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी याहून चांगला उपयोग नाही.

४. घरातले डायबेटिसवाले

इथे जरा थांबते कारण ही गंमतीची गोष्ट नाही. आयसीएमआरच्या इंडियाब सर्व्हेचे २०२३ मध्ये आलेले आकडे बघा, डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे तुमच्या घरात कोणाला शुगर नसेल तरी ज्या घरी तुम्ही डबा पुढे सरकवणार आहात तिथे असण्याची शक्यता भरपूर आहे. आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की दोदोल गुळाचा आहे म्हणून चालतो. नाही चालत, गुळानेही शुगर वाढते, आणि दोदोलाचा एक तुकडा छोटा दिसला तरी तो आटवलेला असतो. बाबांना अगदीच खायचं असेल तर जेवणानंतर बोटाएवढा एक तुकडा, त्या दिवशी भात कमी, आणि डॉक्टरांनी जे सांगितलंय ते वरचढ. डबा त्यांच्या नजरेच्या उंचीवर ठेवायचा नाही, हा उपाय सगळ्या औषधांपेक्षा जास्त चालतो असं माझं मत आहे.

पण कडक टॉफ्या फेकू नका, उलट त्याच माणसासाठी राखा. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची शुगर अचानक खाली जाते, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं, तेव्हा साधारण १५ ग्रॅम लगेच पचणारी साखर द्यायची असते आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. कडक टॉफ्या असतील तर तीन-चार, चावून. चॉकलेट किंवा बेबिंका तेव्हा कामाची नाही, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात हळू जाते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

५. मुलं

मुलांशी भांडून काही होत नाही, वेळ ठरवा. दिवसभर एकेक टॉफी चघळत राहणं दातांना सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक वेळी गोड खाल्लं की तोंडातलं ॲसिड पुढची वीस-तीस मिनिटं दातांवर काम करत राहतं. त्यापेक्षा दुपारच्या जेवणानंतर एकदाच, दोन गोष्टी तुझ्या पसंतीच्या, मग पाणी पिऊन चूळ भर, आणि बरणी बंद. मुलाला स्वतःला वाटणी करू द्या, आज काय उद्या काय, त्याला हिशोब केल्यासारखं वाटतं आणि तुमची कटकट वाचते. डब्ल्यूएचओचं म्हणणं मोठ्या माणसालाही वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, म्हणजे सहा चमचे, मुलांना त्याहून कमी, आणि आपण चहात किती घालतो ते मोजलं तर बेबिंकेला जागाच राहत नाही.

चार वर्षांखालच्या पोराला कडक गोळी किंवा जेलीचा तुकडा देऊ नका, घशात अडकतो. आणि सोसायटीतल्या कुत्र्यांना उरलेला केक-चॉकलेट घालणारी प्रेमळ माणसं दर बिल्डिंगमध्ये असतात, त्यांना सांगा की चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहे, डार्क असेल तर जास्तच, आणि प्लम केकमधल्या मनुकाही.

६. उरलेल्यातून नवीन काय करता येतं

हा माझा आवडता भाग. दोस बघितलात का कधी नीट? चण्याची डाळ, खोबरं, साखर. आपल्या पुरणात खोबरं घातलं की झालं की. वड्या कुस्करून कढईत चमचाभर दूध घालून मंद आचेवर मऊ करा, वेलची-जायफळ घाला, आणि नेहमीच्या पुरणासारखं पोळीत भरा, सारण फार सैल होऊ देऊ नका नाहीतर पोळी फुटते. शेजारणीला दोन पोळ्या पाठवून बघा, तिला तिचाच दोस ओळखू येत नाही.

बोलिन्या उरल्या तर सेरादुरा. मूळ सेरादुरा मारी बिस्किटांच्या चुऱ्याचा, पोर्तुगीजांकडून आलेला गोड पदार्थ, इथल्या हॉटेलांत ग्लासात थर लावून देतात. २०० मिली व्हिपिंग क्रीम फेटायची (साधी टेट्रा पॅकवाली पातळ क्रीम कडक फेटली जात नाही), त्यात तीन-चार चमचे कंडेन्स्ड मिल्क, बोलिन्या आधीच गोड असतात म्हणून त्याहून जास्त नको, मग ग्लासात एक थर चुरा एक थर क्रीम, आणि फ्रिजमध्ये तीन-चार तास. वरचा थर चुऱ्याचाच. नव्या वर्षाला पाहुणे आले की हे पुढे करायचं, कोणाला उरलेल्याचं आहे असं वाटत नाही.

बेबिंका तव्यावर. नॉनस्टिक तवा, तेल-तूप काही नको, तिच्यातलंच तूप सुटतं, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट, कडा थोड्या करपट-कॅरमलसारख्या होतात, वर व्हॅनिला आइसक्रीम. पेराद पातळ कापून सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) गरम पावात बटरसोबत. पेरादीच्या दोन वड्या, लाल तिखट, लिंबू आणि पाणी उकळलं की चटणी होते, समोशाबरोबर छान लागते. सुकलेला केक बारीक कापून कॉफीत बुडवून क्रीमचे थर. बटर टॉफ्या आणि कॅरमलवाल्या थोड्या दुधात मंद आचेवर हलवत राहिलं की सॉस होतो, गॅस मोठा केलात तर तळाला चिकटून कढई भिजत घालावी लागते. चॉकलेटाचं सोपं, गरम दुधात. कलकल दुधात टाकून नाश्ता करणारी मंडळी आहेत, मला ते आवडत नाही पण सांगून ठेवते.

एक नियम मात्र सोडायचा नाही. खोबऱ्याचा खवट वास आला किंवा तार सुटली किंवा बुरशीचा ठिपका दिसला की त्या पदार्थाचं काहीही नवीन बनत नाही. "वरचं कापून टाकू, आतलं चांगलंय" हे ओल्या पदार्थाला लागू नाही, बुरशी दिसते त्यापेक्षा आत जास्त पसरलेली असते. आणि असला माल कामवाल्या मावशींना किंवा वॉचमनला देऊन मोकळं व्हायची सवय असेल तर ती बंद करा, द्यायचं तर २६ तारखेला ताजं द्या, त्यांच्या घरीही नाताळाचं किती आलंय ते आधी विचारून.

वृद्धाश्रम किंवा मुलांच्या आश्रमात द्यायचं मनात असेल तर आधी फोन करा, त्या आठवड्यात त्यांच्याकडे गोडाचे ढीग असतात आणि घरी केलेलं बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, सीलबंद पॅकेट चालतात, तीही जानेवारीच्या मध्यावर जास्त उपयोगी पडतात. गावाला पाठवायचं तर पेराद, बोलिन्या, दोदोल हे प्रवासाला भक्कम, नेवऱ्या पोहोचेपर्यंत भुगा.

टाकायचंच झालं तर गोड ओल्या कचऱ्यात, रॅपर आणि चमकी कागद सुक्यात. गोव्यात कचरा वेगळा केल्याशिवाय उचलत नाहीत, बार्देश तालुक्यातला बराचसा साळगावच्या प्रकल्पात जातो. घरी कंपोस्ट करत असाल तर गोड थोडं-थोडंच घाला आणि वर सुक्या पानांचा जाड थर द्या, नाहीतर उंदीर-घुशी रांग लावतात.

७. ताटं परत

आता ती चिठ्ठी. गोव्यात आलेलं ताट रिकामं परत जात नाही, आणि ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त (चर्चचा सण) झालं की नाताळाचा सीझन उतरला असं धरतात, त्यामुळे मोठी ताटं त्याच्या आत पोहोचवा, त्या बायांना ती लागतात. आत काय घालायचं? काहीच सुचलं नाही तर चार केळी, एक नारळ, नाहीतर वाटीभर साखर. तुम्ही केलेलं चकली-शंकरपाळं असेल तर उत्तम, नाताळानंतर सगळ्यांना तिखट-मिठाचंच हवं असतं. एका घरचं गोड दुसऱ्या घरी सरकवायचं असेल तर दोनदा बघा कोणाचं कोणाला, एकाच वाड्यावर सगळ्यांच्या हातच्या नेवऱ्यांच्या कडा सगळ्यांना ओळखू येतात. छोटे डबे आणि वाट्या मात्र राहू द्या, १४ जानेवारीला तिळगूळ घालून परत करायला बरे पडतात. आणि ताटाच्या मागे पेनाने नाव लिहिलेलं असेल तर ते घासून काढू नका, फेस्ताला, लग्नाला, लितनीला (ख्रिश्चनांच्या सामूहिक प्रार्थनेला) तेच ताट दहा घरांत फिरतं आणि नावावरूनच परत येतं.